मधुमेहाचे निदान झाल्यानंतरचे पहिले तीन महिने: कोणत्या क्रमाने काय करावे आणि कुठे चुकते

ठाणे आणि नवी मुंबईत साखर तपासून घेणे आता मुळीच अवघड राहिलेले नाही. रक्त घ्यायला माणूस सकाळी घरी येतो आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाईलवर असतो. गडबड होते ती त्यानंतर. आकडा जास्त आला की त्याच आठवड्यात भात बंद होतो, कारल्याचा रस सुरू होतो, पहाटेची चाल सुरू होते आणि गोळीही सुरू होते. पंधरा दिवसांनी साखर उतरलेली दिसते, पण ती कशामुळे उतरली हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मग चाल सुटते, भात परत येतो आणि "आता नॉर्मल आहे" म्हणून गोळीही सुटते. चार-सहा महिन्यांनी तीच साखर आणखी वर जाऊन भेटते.

हे टाळायचे तर कामे क्रमाने करावी लागतात, आणि त्या क्रमात प्रामाणिक मोजणी औषधाच्या आधी येते, कारण डॉक्टर मात्रा ठरवतात ती आपण दिलेल्या आकड्यांवरूनच. खालील टप्पे मुख्यतः प्रौढांच्या टाइप २ मधुमेहासाठी आहेत. लहान मुले, झपाट्याने वजन उतरलेले तरुण आणि गरोदर स्त्रिया यांनी पहिल्या दिवसापासून तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावे. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्या प्रकारात, इन्सुलिन एक दिवसही बंद करता येत नाही.

## १. निदान पक्के करून घ्या

प्रयोगशाळेतील तपासणीत उपाशीपोटीची साखर दर १०० मिलिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर तो मधुमेह मानला जातो. खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर निदान पक्के करत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात किंवा दुसऱ्या प्रकारच्या तपासणीने पडताळून पाहतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी आहे.

एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते आणि तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. मात्र थॅलेसेमिया, सिकलसेल, अंगावर फार रक्त जाणे, नुकतेच रक्त चढवलेले असणे किंवा लोहाची कमतरता यांमुळे हा आकडा फसवा येऊ शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या रक्त देण्याच्या तयारीत. फास्टिंगसाठी आठ ते दहा तास पोट रिकामे हवे. साधे पाणी चालते, पण अर्धा कप चहा चालत नाही, बिनसाखरेचा असला तरी. रात्री नऊला जेवून सकाळी अकराला रक्त देणेही योग्य नाही, कारण फार लांबलेल्या उपाशीपणाचा आकडा रोजचा नसतो. सकाळचे औषध फास्टिंगचे रक्त देईपर्यंत थांबवावे, नंतर नेहमीच्या नाश्त्याबरोबर नेहमीसारखेच घ्यावे आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजून पीपीचे, म्हणजे खाल्ल्यानंतरचे, रक्त द्यावे. दोन तास शेवटच्या घासापासून मोजत नाहीत.

सावधान: पीपीच्या दिवशी मुद्दाम दोन इडल्यांवर भागवणे किंवा तपासणीच्या आधीचे चार दिवस गोड टाळणे यात फसवणूक डॉक्टरांची होत नाही, आपली होते. रोज पोहे खात असाल तर त्या दिवशीही पोहेच खावेत, तेवढेच.

## २. ग्लुकोमीटर: मोजण्याआधी हात धुवा

घरच्या यंत्राचा आकडा प्रयोगशाळेशी तंतोतंत जुळत नाही. १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरला जातो. त्यामुळे काल १४२ आणि आज १५० आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. कल पाहायचा.

मोजण्याचा क्रम असा. साबणाने हात धुऊन ते पूर्ण कोरडे करावेत. मेमध्ये आंबा कापल्यावर तसेच बोट टोचले तर त्वचेवरचा रस रक्तात मिसळून आकडा भलताच वर जातो, आणि सॅनिटायझर हा रस काढत नाही. स्ट्रिप काढून डबीचे झाकण लगेच लावावे, कारण आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी आठवड्यात खराब होऊ शकते. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावे, तिथे कमी दुखते. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून हलवावा. बोट दाबून पिळू नये. लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, घरातही एकमेकांत वापरू नये.

तपासून पाहा: स्ट्रिपची मुदत संपलेली नाही ना, आणि यंत्राला कोड लागत असेल तर पडद्यावरचा कोड डबीवरच्या कोडशी जुळतो ना. प्रयोगशाळेत रक्त द्याल त्याच वेळी एकदा घरच्या यंत्रावरही, उपाशीपोटीच, मोजून दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

## ३. वही: आकडे जोडीने लिहा

बहुतेक घरांत रोज सकाळी फक्त फास्टिंग मोजतात. तीस दिवसांचे तीस आकडे होतात आणि त्यातून दिवसभराबद्दल फारसे काही कळत नाही. स्ट्रिप स्वस्त नसतात, म्हणून त्या हुशारीने वापराव्यात: तीन दिवस फक्त दुपारच्या जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी, पुढचे तीन दिवस रात्रीच्या जेवणाची जोडी, मग नाश्त्याची. जोडीतला फरक सांगतो की त्या जेवणाने साखर किती वाढवली. इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र डॉक्टर जेवढ्या वेळा सांगतील तेवढ्या वेळा मोजावे लागते. तिथे बचत करू नये.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख-वेळ, आकडा, काय आणि किती खाल्ले, औषध किती वाजता घेतले, वेगळे काही. शेवटच्या रकान्यात जागरण, ताप, भांडण, लग्नाचे जेवण, काहीही येते.

एक पान जवळून पाहू. समजा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला नोकरीला जाणाऱ्या गृहस्थांचे हे पान आहे. दुपारी डब्याआधी ११८, दोन तासांनी १६५. रात्री दहाला जेवणाआधी १८६, बाराला २२१. रात्रीचे २२१ पाहून घरातले म्हणतील, रात्रीचा भात बंद करा. पण जेवणाने साखर फक्त ३५ ने वाढली आहे. ती जेवणाआधीच चढलेली होती. तिसऱ्या रकान्यात उत्तर आहे: "८ वा. स्टेशनबाहेर वडापाव, कटिंग." हा रकाना रिकामा असता तर रात्रीची गोळी वाढली असती आणि वडापाव तसाच राहिला असता.

टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांनी किंवा वाशीच्या एपीएमसी बाजारात रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाऐवजी जेवण धरून मोजावे आणि औषधाच्या वेळाही शिफ्टप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. "सकाळी एक, रात्री एक" ही चिठ्ठी रात्रपाळीच्या माणसाला काहीच सांगत नाही.

बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत असे लक्ष्य ठेवतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी ते मुद्दाम सैल ठेवले जाते. म्हणून शेजाऱ्याच्या लक्ष्याशी आपली तुलना करू नये.

## ४. गोळ्या सुरू करताना

प्रत्येक गोळीबद्दल तीन प्रश्न विचारावेत: जेवणाआधी की नंतर, एकटी असताना साखर फार उतरवते का, आणि आजारपणात किंवा उपवासाला तिचे काय करायचे.

मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यावी. सुरुवातीला पोट बिघडते आणि बहुतेकांचे दोन-तीन आठवड्यांत सावरते, तेवढ्यासाठी ती परस्पर बंद करू नये. एसआर किंवा ईआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी चावू किंवा कुटू नये. तिचे कवच शौचात दिसले तरी औषध अंगी लागलेले असते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांनी बी१२ जीवनसत्त्व तपासावे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या साखर गरजेपेक्षा जास्त उतरवू शकतात. त्या घेऊन जेवण चुकवणे धोक्याचे आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे जाते, म्हणून जननेंद्रियाच्या जागी खाज किंवा बुरशी आल्यास लाजून गप्प बसू नये, आणि उलट्या-जुलाब किंवा अन्नपाणी बंद असताना ती थांबवण्याविषयी डॉक्टरांना लगेच विचारावे.

सावधान: चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांचे वेळापत्रक डॉक्टरांना आधी द्यावे. उपवास असला तरी गोळी तीच, असे धरून चालणे चूक आहे. आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे हलके खाणे, हीसुद्धा चूकच, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे.

## ५. साखर उतरली तर (हा टप्पा घरातल्या सर्वांनी वाचावा)

आकडा ७० च्या खाली गेला, किंवा घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही जाणवले आणि यंत्र जवळ नसले, तर साखर उतरली असे समजूनच पुढचे करावे.

पहिले, सुमारे १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जावी: तीन ते चार सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून. दुसरे, १५ मिनिटे थांबून पुन्हा मोजावे. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. तिसरे, आकडा वर आल्यावर जेवणाला वेळ असेल तर पोळी-भाजी किंवा तत्सम काही खावे. पेढा, चॉकलेट, बिस्कीट यांनी सुरुवात करू नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर साधी साखर वेळेवर काम करत नाही. त्या घरात ग्लुकोज पावडरच हवी.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. लोकलच्या गर्दीत अडकणाऱ्यांनी ग्लुकोजची पुडी बॅगेच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावी. आठवड्यात दोनदा असे झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता मात्रा बदलून घ्यावी.

## ६. इन्सुलिन असेल तर

सर्वांत घातक चूक सिरिंजची असते. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची असते. १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी टोपीची सिरिंज लागते. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात ५० युनिट जाते. उलट चूक केली तर २० च्या जागी ८ युनिटच जाते आणि "इन्सुलिन लागू पडत नाही" अशी तक्रार सुरू होते. औषधाच्या दुकानातून निघण्यापूर्वी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून पाहावा. दर वेळी.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे, फ्रीजरजवळ नाही आणि दारातही नाही. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसते, पण टाकूनच द्यावे. वापरातली बाटली किंवा इन्सुलिनचे पेन साधारण ३० अंशांच्या आत खोलीत ठेवता येते आणि बहुतेक प्रकार चार आठवड्यांपर्यंत टिकतात. नेमकी मुदत पत्रकात पाहावी आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. एप्रिल-मेमध्ये खोली त्याहून तापते, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे भांडे उपयोगी पडते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पेन कधीही ठेवू नये.

दुधाळ दिसणारे इन्सुलिन हातांच्या तळव्यांत हलके फिरवून एकसारखे करावे, जोरात हलवू नये. पेनमधून आधी दोन युनिट हवेत सोडून पाहावे, टोचल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढावी. रोज त्याच जागी टोचल्यास तिथे गाठ तयार होते, ती दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचतात, आणि तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. गाठीची जागा सोडून नव्या जागी गेल्यास तीच मात्रा जास्त लागू पडते, म्हणून बदल डॉक्टरांना सांगून करावा.

## ७. ताट बदला, पण एका वेळी एकच गोष्ट

भात बंद करण्याची गरज बहुतेकांना नसते. वाटीने मोजण्याची असते. अर्धे ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट वरण, उसळ, मासे किंवा अंडी, उरलेल्या पाव ताटात भात किंवा पोळी-भाकरी, असे भरावे. आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ, शेवटी भात, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरचा आकडा उतरतो. आठवडाभर हेच करून जोडीचे आकडे पाहावेत, मग दुसरा बदल करावा.

गूळ, मध आणि खडीसाखर ही साखरच आहे. नाचणीची भाकरी आणि नाचणीच्या पिठाची पातळ पेज यांत फरक आहे, पेजेने साखर लवकर चढते. "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतोच. कारले भाजी म्हणून आवडत असेल तर खावे. गोळीच्या जागी नाही.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची चाल पहाटेच्या रविवारच्या मोठ्या फेरीपेक्षा जास्त उपयोगी ठरते. तलावपाळीला किंवा सागर विहारला जाणे छान, पण सोसायटीच्या आवारातही ते काम होते. आठवड्याला एकूण १५० मिनिटे भराभर चालणे हे नेहमीचे लक्ष्य आहे.

## ८. डोळे, मूत्रपिंड, पाय: निदानाबरोबरच

टाइप २ मध्ये या तपासण्या निदानाच्या वेळीच करतात, कारण साखर कधीपासून वाढलेली आहे हे ठाऊक नसते. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, त्यामुळे स्वतः गाडी चालवत येऊ नये. साखर वर-खाली होत असताना नंबरही बदलतो, म्हणून नवा चष्मा साखर स्थिरावल्यावर करावा.

मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतात याचा अंदाज) आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासावे. हे प्रमाण ३० च्या आत असावे. ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना ते खोटे वाढते, तेव्हा पुन्हा तपासतात. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांना विसरू नये.

पाय रोज रात्री पाहावेत, तळवे आरशात. बधिर पायाला गरम पाण्यात शेकू नये, कुरूप ब्लेडने कापू नये. देवळात तापलेल्या फरशीवर मोजे घालावेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून यावे लागले तर घरी येताच पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि जखम असताना तसे पाणी लागले असेल तर लेप्टो या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या संसर्गाच्या धोक्यामुळे त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे.

## ९. आधार कुठून घ्यावा

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर उपचार थांबवू नयेत. तिशीवरच्या व्यक्तींची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात होते. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात आधी विचारावे. ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोली येथील रुग्णालये ही पुढची पायरी. तिथे जाताना वही आणि जुने सर्व रिपोर्ट न्यावेत. बऱ्याच गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात, मात्र चिठ्ठीतील औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्यावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्यांसाठी तिच्यावर विसंबू नये.

घरच्यांचा आधार म्हणजे ताटावर पहारा नव्हे. "तुम्हाला चालत नाही ना?" असे पाहुण्यांसमोर विचारले की माणूस बाहेर लपून खायला लागतो आणि वही खोटी होते. त्यापेक्षा एकाने औषधांचा डबा आठवड्याला भरावा, एकाने जेवणानंतर सोबत चालावे, आणि ताट सगळ्यांचे एकच असावे. रोजच्या मोजणीचा वीट येणे, निराश वाटणे, झोप उडणे हेही डॉक्टरांना सांगण्याचेच विषय आहेत. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

सावधान: साखर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर फोनवर सल्ला विचारत बसू नये, रुग्णालय गाठावे. आजारपणात जेवण कमी झाले म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नये.

## १०. तीन महिन्यांनंतरची भेट

एचबीए१सी पुन्हा करून, वही, यंत्र आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जावे. त्यात आयुर्वेदिक चूर्णे आणि गुडघ्यासाठी घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन यांचीही माहिती असावी, कारण स्टेरॉइडने साखर काही दिवस वर जाते. चुकलेल्या गोळ्या लपवू नयेत. न घेतलेल्या गोळीवर डॉक्टर दुसरी वाढवतात आणि मग दोन्ही घेतल्या की साखर कोसळते. आकडे लक्ष्यात आलेले असले तर गोळी कमी करता येईल का, हे जरूर विचारावे, पण निर्णय तिथेच व्हावा.

लक्ष्य गाठेपर्यंत एचबीए१सी दर तीन महिन्यांनी आणि स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी करतात. भेटीतून उठण्यापूर्वी पुढच्या एचबीए१सीची तारीख, पुढच्या डोळे-तपासणीची तारीख आणि कोणता आकडा दिसला की तारखेची वाट न पाहता यायचे, हे तिन्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावे.